हसण्याचा अभ्यासक्रम

बेंगळूरला आमच्या राजाजीनगरच्या बाजारात अवरेकाईचे हिरवे ढीग लागले की मला एकटीलाच हसू यायला लागतं. भाजीवाली अक्का संशयानं बघते. अवरेकाई म्हणजे आपले पावटेच, पण इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात वाढलेले, तेलकट, उग्र वासाचे. शेंगा सोलल्या की तो वास दोन दिवस बोटांना सोडत नाही. या दिवसांत आमच्याकडे सांबारात अवरे, उपम्यात अवरे, भाकरीतसुद्धा अवरे. आमचे हे म्हणतात, चहात सापडले नाहीत हेच नशीब. बाकीच्यांना या वासानं संक्रांत आठवत असेल. मला आठवतात मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, माइकची खरखर, आणि दुसऱ्या रांगेत ताठ बसून हसण्याची परीक्षा देणारी एक बाई. ती बाई मीच.

आधी माझी ओळख करून देते, म्हणजे परीक्षा किती अवघड होती ते कळेल. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. इकडे मुलं टीचरला ‘मिस’ म्हणतात. अजूनही रस्त्यात पोट सुटलेले, केस पांढरे झालेले बाप्ये मला बघून सिगारेट पाठीमागं लपवतात आणि ‘नमस्कार मिस’ म्हणतात. माझ्या वर्गात कुणाला हसू आलंच, तर ते मधल्या सुट्टीपर्यंत दाबून ठेवावं लागायचं. घराणं म्हणाल तर आम्ही तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्यांपैकी. घरात मराठीच बोलतो, पण ‘स्वल्प थांब’ आणि ‘सरी, सरी’ म्हणजे ‘बरं, बरं’ असं कन्नड मिसळल्याशिवाय आमचं एक वाक्य पुरं होत नाही. मुलगा वडिलांना अण्णा म्हणतो. आणि त्या मुलानं, निखिलनं, लग्न केलं ते पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या मृण्मयीशी.

मृण्मयी गुणी मुलगी. दोघं सर्जापूर रोडला अकराव्या मजल्यावर राहतात, म्हणजे तेव्हा राहायची. मृण्मयी एकाआड एक रविवारी आमच्याकडे यायची. आली की पर्स कोपऱ्यात ठेवायची, ओढणी सावरायची आणि विचारायची, “अहो आई, मी करू का काही?” मी म्हणायची, “नको नको, तू बस.” ती बसायची. मग मी म्हणायची, “ट्रॅफिक होतं का गं?” ती म्हणायची, “होतं ना, खूप.” झालं! लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं तरी आमचं बोलणं ट्रॅफिकच्या पुढं सरकलं नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही, शेजारणी हेवा करायच्या. पण खरं सांगू, भांडण असतं तर बरं झालं असतं. निदान तिनं माझ्यासमोर आवाज तरी चढवला असता.

अशाच एका रविवारी ती मागच्या अंगणात तिच्या आईशी फोनवर बोलत होती. मी आतल्या बाजूला खिडकीपाशी शेंगा सोलत होते. चोरून ऐकायचा माझा स्वभाव नाही, पण कान काही खाली काढून ठेवता येत नाहीत. ती म्हणाली, “सगळे चांगले आहेत गं आई. खरंच चांगले आहेत. पण इथं हसायला कोणी नाही गं.” मग म्हणाली, “पुण्याच्या ऑफिसात जागा निघतेय. फेब्रुवारीत सांगायचंय आम्हाला, येतो की नाही ते.”

पहिल्यांदा मला राग आला. हसायला कोणी नाही म्हणजे? आम्ही काय भिंती आहोत? हातातली शेंग मी अशी पिरगळली की दाणा उडून देवघरापर्यंत गेला. मग सवयीनं हिशेब तपासायला बसले. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, ते वर्षातून एकदा हसतात, तेही दुसऱ्या कुणाची चूक सापडली तर. निखिल वडिलांवर गेलाय. त्याला विनोद सांगितला तर तो विचारतो, “असं खरंच झालं का?” आणि मी? मला आठवेना, शेवटचं पोट धरून मी कधी हसले होते. म्हणजे मुलीचं उत्तर बरोबर होतं. आणि बरोबर उत्तरावर मी आयुष्यात कधी फुली मारलेली नाही.

तिथंच मी ठरवलं. पुण्याला जायचं की नाही हे त्या दोघांनी बघावं, त्यात मी पडणार नाही. पण ही मुलगी माझ्या घरात उभी राहून ‘हसायला कोणी नाही’ म्हणते, हे मी चालू देणार नाही म्हणजे नाही. फेब्रुवारीला पाच आठवडे होते.

निखिलला फोन केला. “तुझी बायको कशाला हसते रे?”

तो घाबरला. “का? काय झालं?”

“काही झालेलं नाही. विचारलेलं सांग.”

मग कळलं की तिला कॉमेडीचं वेड आहे. मोबाइलवर बघायची नव्हे, समोर बसून बघायची. दर जानेवारीत येलहंक्याच्या बाजूला एका मैदानावर तीन रविवार कॉमेडीचा महोत्सव असतो, आणि ती तिथं एकटी जाते. “मी एकदा गेलो होतो आई, मला झोप लागली,” निखिल म्हणाला. मी म्हटलं, “तिच्या शेजारचं तिकीट काढ.” तो म्हणाला, “कुणासाठी?” मी म्हटलं, “माझ्यासाठी. का? मला दात नाहीत हसायला?”

पहिल्या रविवारी मी इस्त्रीची साडी नेसून, वर स्वेटर घालून गेले. दुपारचे तीन वाजलेले, ऊन सौम्य. मैदानावर तीन मांडव, आणि प्रत्येक मांडवातून थोड्या थोड्या वेळानं हशाची लाट बाहेर यायची. ती तरुण गर्दी बघून मी स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली. अख्ख्या मैदानावर पांढऱ्या केसांची मी एकटी. गेटवरच्या मुलीनं माझ्या मनगटावर कागदाची पट्टी बांधली आणि ‘एंजॉय मॅम’ म्हणाली. मृण्मयी भेटली तीच मुळी धसकलेली. “अहो आई, तुम्हाला बोअर झालं तर लगेच सांगा हं. आपण निघू.” मी म्हटलं, “आत्ताच आलोय ना?”

पहिला पोरगा स्टेजवर आला आणि ट्रॅफिकवर बोलला. लोक खुर्च्यांवरून पडायला आले होते. मला सगळं कळलं, पण त्यात हसण्यासारखं काय ते कळेना. तो म्हणाला ते शब्दशः खरं होतं, आणि खरी माहिती दिल्याबद्दल मी कुणाला हसत नाही. नंतर मात्र कठीण गणितं सुरू झाली. एक मुलगी कुठल्याशा कोरियन मालिकेतल्या नायकासारखी मान वळवायची आणि मांडव कोसळायचा. एकजण नुसता दोन बोटं वर करून उभा राहिला तर लोकांच्या डोळ्यांत पाणी. ते म्हणे कुठलं तरी मीम होतं. कुणी अंतराळात मारामाऱ्या करणाऱ्या महावीरांबद्दल बोललं, कुणी पाककलेच्या स्पर्धेतल्या परीक्षकाबद्दल. मधेच वायुसेनेच्या तळाकडून एक विमान डोक्यावरून गेलं, विनोदाचा शेवट त्याच्या आवाजात गेला, तरी लोक हसले! शेवट ऐकूच आला नाही आणि हसले! मी थक्क होऊन बघत राहिले.

आणि मृण्मयी? ती माझ्या कानाशी लागून समजावत होती. “अहो आई, ते ना, एका सिरीजमध्ये एक माणूस असतो, तो नेहमी असं करतो, म्हणून...” तिचं सांगून होईपर्यंत पुढचा विनोद येऊन गेलेला असायचा. मग तोही ती सांगायची. मी “हो का, अस्सं” म्हणायची. एकदा मी सहज तिच्याकडे पाहिलं. सगळा मांडव हसत होता आणि ती हसत नव्हती. मला काय सांगायचं, कसं सांगायचं, या विचारात तिच्या कपाळाला आठी पडली होती. वर्षभर वाट बघितलेली दुपार, आणि पोरगी माझी शिकवणी घेत बसली होती. मला इतकं वाईट वाटलं! मी तिला हसायला माणूस द्यायला गेले होते, आणि तिच्याकडं होतं नव्हतं ते हसूही घालवून बसले.

परत येताना ऑटोत मी मनाशी म्हटलं, विषय कच्चा आहे, दुसरं काही नाही. कच्चा विषय पक्का करता येतो, हे मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना सांगत आले.

सोमवारी सकाळी मी दोनशे पानी वही काढली. तीन रकाने आखले. पहिल्यात ‘कोण’, दुसऱ्यात ‘कुठून आलं’, तिसऱ्यात ‘का हसायचं’. निखिलकडून त्या सगळ्या मालिका दाखवणारं खातं टीव्हीवर सुरू करून घेतलं. दुपारी जेवणं झाली की परातीत भिजवलेले अवरे घेऊन बसायचं, एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून बाहेर उडवायचा, आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचत मालिका बघायची. मृण्मयी या सोललेल्या दाण्यांना डाळिंब्या म्हणते. डाळिंब्या परातीत आणि साली माझ्या साडीवर. ते महावीरांचे चित्रपट तर एक बघून भागतच नाहीत, आधीचे सगळे बघावे लागतात. ते मला पटलं. अपूर्णांक येत नसतील तर बीजगणित कुठून येणार?

आमचे हे आधी दारातून नाक मुरडून जायचे. “काय हा थिल्लरपणा या वयात!” बुधवारी दारातच उभे राहिले. गुरुवारी खुर्ची ओढून बसले. शुक्रवारी मी स्वयंपाकघरात होते तर आतून हाक आली, “अगं, लवकर ये, त्या पोरीनं त्याची छत्री परत केली!” कोरियन मालिकेतल्या पोरीची यांना एवढी काळजी लागून राहिली की संध्याकाळचं फिरायला जाणं बंद पडलं. माझा अभ्यास मात्र जोरात होता. पहिले दोन रकाने भरत होते. तिसरा कोराच राहत होता, पण मी म्हटलं, तो प्रत्यक्ष परीक्षेत भरू.

दुसऱ्या रविवारी गेले ती छाती पुढं काढूनच. पहिल्याच विनोदात तो परीक्षक आला आणि मी ओळखला. मान वळवणारा नायक आला, ओळखला. दोन बोटं, ओळखली. एकही संदर्भ सुटला नाही! प्रत्येक वेळी मी मान हलवायची आणि बोटांच्या पेरांवर मोजायची. मृण्मयीला मी आधीच बजावलं होतं, “मला काही सांगायचं नाही. मी तयारी करून आलेय.” ती बापडी गप्प बसली होती. मला वाटलं, जिंकले मी.

मध्यंतरात आम्ही चुरमुरी घेतली. कागदाच्या पुडीतल्या कुरमुऱ्यांत कांदा, मिरची आणि किसलेलं गाजर. मृण्मयी पुडीत बघत हळूच म्हणाली, “आई, रागावणार नाही ना? तुम्ही हसत नाही आहात. तुम्ही पेपर तपासताय.”

अगदी वर्मावर बोट ठेवलं पोरीनं. खरं होतं. सगळा मांडव हसत होता तेव्हा मी मनात बरोबरच्या खुणा करत होते. उत्तर बरोबर आल्याचा आनंद मला झाला होता, पण तो हसण्याचा आनंद नव्हे. वहीतला तिसरा रकाना कोरा का राहिला, ते मला तिथं, चुरमुरी खाताना कळलं.

घरी जाताना ती म्हणाली, “पुढच्या रविवारी नाही आलात तरी चालेल हं. माझ्यासाठी उगाच त्रास करून घेताय तुम्ही. मला सवय आहे एकटीनं बघायची.” किती गोड आवाजात म्हणाली! त्या गोड आवाजाचीच मला चीड आली. पाहुण्याला ‘तुम्ही कशाला उठता’ म्हणतात ना, तसा आवाज. मी म्हटलं, “मला त्रास होत नाही. मी येणार आहे.” ती म्हणाली, “पण आई...” मी म्हटलं, “मृण्मयी, मी येणार आहे.” ऑटोवाल्यानंसुद्धा आरशातून बघितलं.

तो आठवडा वाईट गेला. वही उघडावीशी वाटेना. दुपारी यांनी विचारलं, “आज भाग नाही लावायचा?” मी म्हटलं, “तुम्ही लावा.” आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले.

तिथं बसल्या बसल्या मला आमच्या लहानपणचा गणेशोत्सव आठवला. रस्त्यावर मांडव घालायचे, सतरंज्या अंथरायच्या, आणि एक दिवस नकला करणारे एक गृहस्थ यायचे. अर्ध्या नकला कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत. त्यांची सगळ्यांत गाजलेली नक्कल होती सकाळी रेडिओवर बातम्या देणाऱ्या निवेदकाची. नुसता घसा खाकरला की माझे वडील सतरंजीवर लोळायला लागायचे. एरवी हे वडील इतके कडक की त्यांची चप्पल वाजली तरी आम्ही पुस्तकं उघडायचो. तेव्हा ‘पॉप कल्चर’ हा शब्द कुणाला माहीत होता? रेडिओ होता, आणि तो गल्लीतल्या सगळ्या घरांत एकाच वेळी लागायचा. दाढी करताना, पोळ्या लाटताना, वेणी घालताना सगळ्यांनी तेच खाकरणं रोज ऐकलेलं. म्हणून हसायला यायचं. कुणी कुणाला काही समजावत नव्हतं. जे एकत्र जगलं जातं त्याचंच एकत्र हसू येतं, हे कळायला मला साठी गाठावी लागली. आणि मी काय केलं होतं? मृण्मयी जे पाच-सहा वर्षं मैत्रिणींबरोबर, हॉस्टेलच्या खोलीत, डब्यातलं खात खात बघत आली, ते मी सहा दिवसांत एकटीनं पाठ केलं होतं. पाठ केलेलं परीक्षेत चालतं. मांडवात नाही चालत.

मग काय करायचं? मला कळेना. पाच आठवड्यांतला एकच उरला होता. पण एक पक्कं होतं, की जायचं. मुलांना मी सांगायची, गणित सुटलं नाही तरी पेपर कोरा देऊन उठायचं नाही, तीन तास बसायचं. मीही बसणार होते.

तिसऱ्या रविवारी मी वही घरी ठेवली. स्वेटरही विसरले. मृण्मयी गेटवर भेटली, हसली, पण तेच ते, पाहुण्यांसाठीचं. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. एक-दोघं बोलून गेले. मी मोजलं नाही, ओळखलं नाही, नुसती बसून राहिले. खरं तर कंटाळलेच होते.

मग एक काटकुळा, चष्मेवाला मुलगा आला. बेंगळूरचाच, निम्मं कन्नड आणि निम्मं इंग्रजी बोलणारा. तो शाळेच्या गोष्टी सांगायला लागला. म्हणाला, आपल्या गावात गणिताच्या मिस तीन प्रकारच्या असतात. मी सावरून बसले. पहिल्या प्रकारच्या मिस, तो म्हणाला, फळ्याकडे तोंड करून लिहितात आणि न वळता खडू मारतात, आणि तो बरोबर बोलणाऱ्यालाच लागतो. लोक हसले. दुसऱ्या प्रकारच्या मिस, उत्तर बरोबर आलं तरी चिडतात, म्हणतात, हे तुला कसं आलं? लोक पुन्हा हसले. मग तो थांबला. स्टुलावरची पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि सावकाश पाणी प्यायला लागला.

मी वाट बघितली. तो पितोच आहे. मला वाटलं, विसरला पोरगा. तीन सांगतो म्हणून दोनच सांगितले आणि चालला पुढं! बेरीज अर्धवट सोडलेली मला सहन होत नाही, त्याला मी काय करू? काही कळायच्या आत माझा वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज मांडवात घुमला.

“मूरनेदु?” म्हणजे, तिसरी कुठं आहे?

मुलानं बाटली तोंडापासून बाजूला केली आणि मांडवातल्या अंधारात डोळे बारीक करून बघितलं. “यारु?” त्यानं विचारलं, कोण बोललं? मी मागं हटणार होते की काय! मी म्हटलं, “मूरु अंत हेळिदिरी. एरडे आयतु.” तीन म्हणालात, दोनच झाले.

त्यानं बाटली खाली ठेवली. पाय जुळवून ताठ उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागं बांधले, मान खाली घातली आणि माइकमध्ये बारीक आवाजात म्हणाला, “सॉरी, मिस.” मग लोकांकडं वळून, माझ्याकडं हात करून म्हणाला, “तिसऱ्या प्रकारच्या या.”

अगं बाई! त्या मांडवात जे काही झालं ते मी सांगू शकत नाही. लोक उठून उभे राहून बघायला लागले. पुढच्या रांगेतला एक मुलगा वळून मला नमस्कार करायला लागला. माझे कान तापले. आणि अशा वेळी गप्प बसावं ना? पण माझ्या तोंडाला लगाम कुठला! खडू मारणाऱ्या मिसबद्दलही मला एक दुरुस्ती सुचवायची होती. मी तोंड उघडलं मात्र, मृण्मयीनं सरळ माझ्या तोंडावर हात दाबून धरला.

तिच्या हाताला चुरमुरीतल्या कांद्याचा वास होता. कुठली सून सासूच्या तोंडावर हात दाबते? आमच्या घराण्यात तीन-चारशे वर्षांत कुणी दाबला नसेल. तिनं दाबला, आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा धरून ती अशी हसत होती, अशी हसत होती, की आवाज फुटत नव्हता. तिचं सगळं अंग हलत होतं. डोळ्यांतलं पाणी माझ्या बाहीवर पडत होतं. कन्नड तिला ट्रॅफिक पोलिसाशी बोलण्याइतकंच येतं, आणि तरी तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. तिच्या हाताखाली माझंही तोंड हसायला लागलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग मला श्वास घेता येईना. मी तिचा हात बाजूला केला आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसलो. पुढचा सगळा कार्यक्रम वाया गेला. थोडं शांत झालो की ती बारीक आवाजात ‘सॉरी, मिस’ म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून.

घरी निखिल जेवायला आलेला होता. आम्ही त्याला सांगायला गेलो, पण ‘पाणी’ या शब्दापुढं दोघींपैकी एकीलाही जाता आलं नाही. शेवटी कसंबसं सांगितलं. तो नीट ऐकून म्हणाला, “पण तो तिसरी सांगणारच असेल ना?” मृण्मयीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “जाऊ द्या आई, वाढा तुम्ही.” मी म्हटलं, “मी का वाढू? ऊठ, तू वाढ.” ती उठली आणि कुठं काय आहे ते न विचारता तिनं कपाट उघडलं.

फेब्रुवारीत त्यांनी ऑफिसला ‘येतो’ म्हणून कळवलं. जूनमध्ये ती दोघं पुण्याला गेली. सर्जापूर रोडच्या घरातल्या कुंड्या आमच्या गच्चीवर आल्या. हरले का मी? ओळखीच्या बायकांना तसं वाटतं. ‘एवढं केलंत, शेवटी गेलीच ना?’ म्हणतात. त्यांना काय सांगणार? ती जाऊ नये म्हणून मी कुठं काही केलं होतं! जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या पलंगावर आडवी पडून माझ्याशी वाद घालत होती. साडी कुठली न्यायची यावरून. चांगला चढ्या आवाजात.

मला रडू नाही आलं असं नाही. त्यांच्या सामानाचा ट्रक गेल्यावर दोन दिवस आलं. तिसऱ्या दिवशी मी डोळे धुतले. आता मी माझी माझी जाते. या वर्षीही तिन्ही रविवारांची तिकिटं काढली आहेत, दुसऱ्या रांगेतली. सगळं कळतं असं नाही. कळत नाही तिथं गप्प बसते, कुणाला विचारत नाही, आणि येईल तेव्हा हसते. यांनाही न्यायचा विचार आहे, पण त्यांची आणखी एक मालिका अर्धी राहिली आहे.

मागच्या मंगळवारी मी डोळ्यांच्या दवाखान्यात होते. डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बाकावर बसवलं होतं. फोन वाजला. कोणाचा ते दिसत नव्हतं, तसाच कानाला लावला. पलीकडून मृण्मयीचा आवाज आला, “अहो आई, आज ना...” आणि पुढं काही नाही. नुसता श्वास, मग एक चिरका आवाज, मग पुन्हा “अहो, आज ऑफिसात...” आणि हसू. मी म्हटलं, “काय गं?” तिला बोलताच येईना. मीही हसायला लागले. कशाला, कोण जाणे! डोळे मिटलेले, गालांवरून थेंब वाहतायत, शेजारची माणसं सरकून बसलेली, आणि मी पोट धरून हसते आहे. नर्स धावत आली, “अम्मा, हळू, औषध सगळं बाहेर आलं,” म्हणत तिनं माझी मान मागं केली आणि दोन्ही डोळ्यांत पुन्हा थेंब घातले. पुण्यात काय झालं होतं, ते मृण्मयीनं अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.